पिल्लांच्या अंगणासाठी नायलॉनची जाळी: घार-शिक्र्यावरचा बिनविषारी उपाय

स्कॉटलंडमध्ये ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर ग्राउझ खाणारे हॅरिअर (घारीसारखे शिकारी पक्षी) आणि गरुड मारले जात, म्हणून २०२४च्या कायद्याने ग्राउझच्या शिकारीला परवाना सक्तीचा झाला. कोकणात घार-शिक्र्यांशी भांडण गावठी कोंबडीच्या पिल्लांवरून आहे, आणि त्यांना मारायला मेलेल्या पिल्लात विष भरून ठेवणं हा गुन्हाच. त्या विषाने कुत्री-मुंगसंही मरतात.

दापोली-गुहागरच्या बाजारात किलोवर मिळणारी दोन इंची चौकोनी, जाड दोऱ्याची जाळी या कामाला उत्तम. मासेमारीची बारीक, पारदर्शक तंगूस जाळी मात्र अजिबात घेऊ नका. ती पाखरांना दिसत नाही. रात्री पिंगळा, घुबड अडकून पंख मोडून घेतात.

चिव्याचे (बांबूचे) खांब सात फुटी ठेवा, वरून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ओढा आणि जाळी तिला ताणून बांधा. झोळ पडला की घार वरूनच पंजा घालते. शिक्रा मात्र आडवा, जमिनीलगत येतो; बाजू उघड्या सोडल्या तर वरची जाळी फुकट. मुंगसासाठी खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची जाळी) हवीच, नायलॉन ते कुरतडतं.

आंब्याखाली पाला साचून जाळी फाटते, आठवड्याला झाडा. उन्हाने दोरा ठिसूळ होतो, हा तिचा खरा दोष. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आत ठेवा.

पक्षी अडकलाच तर ओढू नका. डोक्यावर फडकं टाका, दोरे कापा, वनखात्याच्या १९२६वर फोन करा.