काळ्या सावल्यांचा कॅट: विमानं ओळखायचे पत्ते

दुसऱ्या महायुद्धात विमानं ओळखायचा सराव करायला वापरलेल्या स्पॉटर पत्त्यांची ही नवी छपाई. 52 पत्ते, प्रत्येकावर एका विमानाच्या तीन काळ्या आकृत्या: समोरून, बाजूने, खालून. नाव मात्र आकृतीखालीच छापलंय, म्हणजे सराव करताना उत्तर डोळ्यांसमोर! जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून ते झाकावं.

पाहण्याचा क्रम एकच ठेवा: पंख, इंजिन, धड, शेपूट. ब्रिटिश लायसँडर विमान घ्या. पंख धडाच्या वर, बुडाशी अरुंद, पंखाला आधार देणाऱ्या टेकूच्या जोडापाशी सर्वांत रुंद, टोकाकडे पुन्हा निमुळता. चाकांवर जाडजूड आवरणं. (भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने 1942 मध्ये ब्रह्मदेशात हीच उडवली.) जर्मन स्टॉर्कचे पंखही वरच, पण फूटपट्टीसारखे सरळ, आणि पाय बगळ्याचे.

कॅटची खरी खोट मापाची. जर्मन युंकर्स 88 च्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत सुमारे 20 मीटर, ब्रिटिश ब्लेनहाइमची 17, पत्त्यावर मात्र दोन्ही सारखीच. युद्धातही या जोडीत गल्लत व्हायची. बाजूची आकृती पाहा: ब्लेनहाइमच्या पाठीवर बंदुकीच्या घुमटाचा उंचवटा असतो, युंकर्सची पाठ केबिनमागे सरळ जाते. ब्रिटिश टायफून आणि जर्मन फोके-वुल्फ 190 तर नुसतं खालून पाहून ठरवूच नका, फसाल. बाजूने टायफूनची हनुवटी, म्हणजे रेडिएटर, लगेच दिसते.

वापिटीसारखी आधीची दुपंखी विमानं यात नाहीत. चकचकीत लॅमिनेशनमुळे ट्यूबलाइटखाली आकृतीची कडाच हरवते. पत्ता किंचित तिरपा धरावा.