फुटलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी हेडर: एमजीबीवर १४ महिने

सकाळी थंड इंजिन चालू केलं की डाव्या बाजूने टिक-टिक-टिक. पाच-सात मिनिटं गाडी चालली की आवाज गायब. जवळपास वर्षभर मी तो टॅपेटचाच आवाज समजलो आणि तीन वेळा झडपांचं अंतर तपासलं. मग एका थंडीच्या रात्री हीटर लावून लांबचा प्रवास केला आणि बायकोचं डोकं भणभणायला लागलं. खिडक्या उघडल्यावर तासाभरात तिला बरं वाटलं, पण मी मात्र हादरलो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो बाकीच्या धुराचा. तो केबिनमध्ये आला म्हणजे त्याच्यासोबत हाही आलाच. त्यानंतर ती गाडीत बसेना, आणि मीही गाडी बाहेर काढली नाही.

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० ची आहे: १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन, एसयू कंपनीचे जोड कार्ब्युरेटर. गळती शोधायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर कामाला आला. त्याची हवा बाहेर फेकणारी नळी सायलेन्सरच्या तोंडाला लावली, फटी फडक्याने बंद केल्या आणि थंड मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग) ब्रशने साबणाचं पाणी लावलं. मधल्या पोर्टच्या, म्हणजे धुराच्या तोंडाच्या, मुळाशी बुडबुड्यांची एक ओळ उठली. पुसून पाहिलं तर केसाएवढी चीर होती आणि तिच्या कडेने काजळी जमली होती. इंजिन तापलं की बीड प्रसरण पावतं आणि चीर मिटते, म्हणून आवाज थांबत होता.

आधी वेल्डिंग करून पाहिलं. मिस्त्री जाणकार होता. त्याने मॅनिफोल्ड आधी तापवून घेतलं, निकेलचा रॉड वापरला आणि नंतर राखेत हळूहळू थंड होऊ दिलं. तीन आठवडे टिकलं आणि मग जोडाच्या शेजारीच नवी चीर पडली. त्याच्या कामात खोट नव्हती. पन्नास वर्षं तापून-निवून शिणलेलं बीड एका जागी सांधलं की ताण शेजारी सरकतो. चांगल्या अवस्थेतलं जुनं मॅनिफोल्ड मला मिळालं नाही, म्हणून माइल्ड स्टीलचं हेडर, म्हणजे मॅनिफोल्डचंच काम करणारा वेल्ड केलेल्या नळ्यांचा संच, घेतलं. स्टेनलेसही मिळत होतं. पण तेवढ्याच उष्णतेत स्टेनलेस माइल्ड स्टीलपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं, आणि मला फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या जाड पट्टीवर) आणखी ताण नको होता.

ताकद वाढेल या आशेने कोणी हेडर घेत असेल तर आधी या इंजिनाची रचना समजून घ्यावी. चार सिलिंडर असूनही सिलिंडर हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच आहेत, कारण २ आणि ३ नंबरचं तोंड एकच आहे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे त्या दोघांचे धक्के ३६० अंशांच्या अंतराने येतात, एकमेकांवर आदळत नाहीत. १ आणि ४ चंही तसंच. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये मधलं तोंड एका डाउनपाइपला (खाली सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीला) आणि कडेची दोन दुसऱ्या डाउनपाइपला जातात. म्हणजे चांगल्या हेडरमध्ये जे करतात ते मूळ रचनेत बऱ्याच अंशी आहेच. मला फरक जाणवला तो ३५०० आरपीएमच्या वर, इंजिन थोडं मोकळं फिरतं एवढाच. मायलेज होतं तेवढंच राहिलं.

बसवायला दोन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस फ्लँजमध्ये गेला. या इंजिनात इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारं) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, दोन्हींना मिळून गॅस्केट एकच, आणि मधल्या स्टडवरचे जाड, रुंद वॉशर अर्धे इनलेटच्या कानावर तर अर्धे एक्झॉस्टच्या कानावर बसतात. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच वॉशर दोन्हींना सारखं दाबतो. माझ्या हेडरचा फ्लँज इनलेटपेक्षा जवळपास दीड मिलिमीटर पातळ निघाला. तसाच आवळला असता तर वॉशर तिरपा होऊन सगळा दाब इनलेटवर गेला असता आणि एक्झॉस्ट पहिल्या दिवसापासून गळलं असतं. शेवटी वॉशरची इनलेटवर बसणारी अर्धी बाजू लेथवाल्याकडून तेवढीच उतरवून घेतली. हेडर घ्यायच्या आधी कॅलिपरने ही दोन मापं घ्या. मी आधी घेतली असती तर एक दिवस वाचला असता.

दुसरी गोष्ट सपाटपणाची. नळ्या वेल्ड करताना फ्लँज वाकतो. फ्लँजवर सरळपट्टी ठेवली तर एका टोकाला ०.४ मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार गेलं. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर आठाचा आकडा काढत फ्लँज घासला. हात भरून आले, पण पृष्ठभाग एकसारखा झाला. गॅस्केट नवंच टाकलं.

जुने नट काढायच्या आधी दोन दिवस पेनेट्रेटिंग ऑइल सोडत राहिलो. डाउनपाइपचे सहा नट मात्र हललेच नाहीत. मॅनिफोल्ड टाकायचंच होतं म्हणून तिथे ग्राइंडर चालवला. हेडमधले स्टड सगळे बदलले, वर पितळी नट लावले. पितळ स्टीलवर गंजून चिकटत नाही, पुढच्या वेळी हेच उपयोगी पडेल. स्प्रिंग वॉशर वापरू नका, एवढ्या उष्णतेत त्यांचा ताण निघून जातो. आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टॉर्क रेंच वापरायचा आणि आकडा मॅन्युअलमध्ये दिलेलाच घ्यायचा. जास्त आवळणं इथे कमी आवळण्याइतकंच वाईट. तापल्यावर फ्लँजला किंचित सरकायला वाव हवा, नाहीतर तो वाकतो.

पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा पाना लावला तर प्रत्येक नट पाव फेऱ्याच्या आसपास फिरला. १०० किलोमीटरला थोडा, ५०० ला त्याहून कमी. २००० नंतर एकही नट हललेला नाही, आणि आता ९००० झाले. हे टप्पे चुकवू नका. बहुतेक हेडर गळायला लागतात ते याच आळसामुळे, असं माझं ठाम मत आहे.

पहिले तीन महिने उष्णतेने छळलं. बीड जाड असतं, हेडरच्या पातळ नळ्या इंजिनाच्या कप्प्यात जास्त उष्णता सोडतात, आणि एसयूचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारे कप्पे) त्यांच्या डोक्यावरच आहेत. गाडी दहा मिनिटं उभी करून परत सुरू करायला गेलं की पेट्रोल उकळलेलं. लांब स्टार्टर मारावा लागायचा. कापडी पट्टी गुंडाळायचा सल्ला मिळाला, पण तिच्याखाली ओल धरते आणि माइल्ड स्टील बाहेरून गंजून खाल्लं जातं, म्हणून ती टाळली. हेडर उतरवून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, आणि कार्ब्युरेटरमागची हीट शील्ड नवी घातली. जुन्या शील्डचं अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं खरवडू नका. त्यानंतर गरम इंजिन पहिल्या-दुसऱ्या फटक्यात सुरू होतं. कोटिंग बसवायच्या आधीच करून घ्यायला हवं होतं.

प्लगचा रंग आधीपेक्षा फिकट दिसायला लागला होता. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं; दोन्ही कार्ब्युरेटरच्या जेटचे नट एक-एक पैलू खाली फिरवून मिश्रण किंचित दाट केलं, आता टोकं तपकिरी राहतात.

सहाव्या महिन्यात हेडरच्या खालच्या वळणावर घासल्याची चकचकीत खूण दिसली. हेडर चुकीचं नव्हतं, इंजिनाचे रबर माउंट दबले होते. क्लच सोडताना इंजिन डुलायचं आणि नळी चासीला लागायची. मला वाटतं जुनं मॅनिफोल्ड फुटण्यातही याचा हात असावा, कारण एक्झॉस्टचं हँगरही कडक झालेलं होतं आणि सगळा झटका मॅनिफोल्डच्या मुळावर येत होता. माउंट आणि हँगर दोन्ही बदलले. तुमचं मॅनिफोल्ड फुटलं असेल तर नवं काहीही लावण्याआधी हे दोन रबर बघा.

आवाज बदलला आहे. बिडाचा घुमारा भरीव होता, या नळ्या ३००० आरपीएमच्या आसपास थोड्या झणझणतात. छोट्या फेरीत मला तो आवडतो, चार तासांच्या प्रवासात कान थकतात. अखंड बिडाचं मॅनिफोल्ड मिळालं तर मी आजही तेच लावेन. ते मिळत नसेल आणि फ्लँजवर वेळ घालवायची तयारी असेल, तर हेडर चांगलं काम देतं.

नंतरच्या महिन्यांत मी केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवून, खिडक्या बंद करून, हीटर लावून एकटाच फिरत होतो. तो एकदाही वाजला नाही. गेल्या महिन्यात बायको पुन्हा सोबत आली. हीटर चालू होता, आणि अर्ध्या वाटेत ती शेजारच्या सीटवर गाढ झोपली. मी दोनदा अलार्मचा आकडा पाहिला. शून्य होता.