बार्बाडोसचं बुकिंग खरं होतं, तरी खोली मिळाली नाही

ठाण्याचं एक जोडपं लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर गेलं. पश्चिम किनाऱ्यावर होलटाउनजवळचं, फक्त प्रौढांना घेणारं रिसॉर्ट, सहा रात्री, खाणंपिणं सगळं धरून. ट्रॅव्हल एजंटला पैसे हप्त्याहप्त्याने पूर्ण भरलेले. हातात व्हाउचर, व्हाउचरवर कन्फर्मेशन नंबर. निघायच्या महिनाभर आधी त्यांनी हॉटेलला स्वतः ईमेल करून खात्रीही केली होती आणि ‘हो, तुमच्या नावाने बुकिंग आहे’ असं उत्तर आलं होतं. तिथे पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नावं बरोबर, तारखा बरोबर, खोलीचा प्रकार बरोबर. खाली एक ओळ : बुकिंग रद्द, पोचण्याच्या सोळा दिवस आधी, ज्याने केलं त्यानेच.

या प्रकरणात व्हाउचर बनावट नव्हतं, हॉटेल खोटं नव्हतं, वेबसाइटही नकली नव्हती. म्हणूनच हे इतकं घातक आहे. नेहमीची सावधगिरी बाळगणारा माणूसही यात सापडतो.

एजंट करतो ते असं. बुकिंगच्या वेबसाइटवर बहुतेक खोल्यांना दोन दर असतात. एक स्वस्त, पण पैसे आधी आणि परत नाहीत. दुसरा थोडा महाग, पण आत्ता काही भरायचं नाही आणि ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतं. एजंट दुसऱ्या दराने तुमच्या नावाने खोली धरतो. एक पैसाही न भरता त्याला खरा नंबर मिळतो. तो नंबर आपल्या लेटरहेडवर टाकून तो तुमच्याकडून पूर्ण रक्कम घेतो. तुम्ही हॉटेलला विचारलंत तर हॉटेल खरंच सांगतं, बुकिंग आहे. फुकट रद्द करायची मुदत संपायच्या एक-दोन दिवस आधी तो ते रद्द करतो. रद्द झाल्याचा ईमेल त्याच्याच पत्त्यावर जातो, कारण बुकिंग करताना त्याने स्वतःचा ईमेल दिलेला असतो. तुम्ही विमानात बसेपर्यंत तो फोन उचलतो, गोड बोलतो. नंतर नंबर बंद.

यावर उपाय आहे, पण तो ‘बुकिंग आहे का?’ एवढं विचारून होत नाही. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून रिझर्व्हेशन विभागाचा पत्ता घ्या (व्हाउचरवर छापलेला नको) आणि एकाच ईमेलमध्ये हे विचारा : या नंबरवरचं बुकिंग कोणी केलं आहे, थेट एजंटने, वेबसाइटने की घाऊक विक्रेत्याने (खोल्या एकगठ्ठा घेऊन एजंटांना विकणाऱ्याने)? पैसे आधीच भरलेले आहेत की आम्ही हॉटेलवर द्यायचे आहेत? फुकट रद्द करायची शेवटची तारीख कोणती? खोलीचा नेमका प्रकार आणि जेवणाचा प्लॅन काय आहे? आणि आमचा ईमेल बुकिंगवर जोडता येईल का, म्हणजे काहीही बदल झाला तर आम्हालाही कळेल?

उत्तर वाचतानाही थोडी समज लागते. घाऊक विक्रेत्याकडून घेतलेल्या खोलीचा दर हॉटेल तुम्हाला सांगणार नाही, ते साहजिक आहे. पण ‘तिसऱ्या पक्षाने खोली आणि जेवण भरलेलं आहे’ एवढं ते सांगू शकतं. काही वेबसाइट हॉटेलला व्हर्च्युअल कार्ड (त्या बुकिंगपुरता तयार केलेला कार्ड नंबर) देतात आणि त्यावरून पैसे तुम्ही पोचायच्या दिवशीच कापले जातात. त्यामुळे ‘अजून रक्कम घेतलेली नाही’ असं उत्तर आलं म्हणून लगेच घाबरू नका. ‘पाहुण्याने हॉटेलवर द्यायचे’ असं उत्तर आलं आणि एजंटने तुमच्याकडून पैसे घेतलेले असले, तर मात्र त्याच दिवशी त्याला गाठा. घाऊक विक्रेत्याकडून घेतलेल्या बुकिंगला हॉटेलचा स्वतःचा नंबर, ज्याला या धंद्यात एचसीएन म्हणतात, बरेचदा उशिरा मिळतो. तोपर्यंत एजंट विक्रेत्याचा नंबर देतो. तो हॉटेलला सापडत नाही म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण निघायच्या आठवडाभर आधीपर्यंत एचसीएन हातात हवाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रद्द करायची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलला पुन्हा ईमेल करा. ठाण्याच्या जोडप्याने हा दुसरा ईमेल केला असता तर त्यांच्या हातात अजून तेरा दिवस राहिले असते. तेवढ्यात दुसरी खोली शोधता येते, पोलिसांकडे जाता येतं, निदान प्रवास पुढे ढकलता येतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बार्बाडोसमध्ये ऐन सीझन असतो. त्या काळात रात्री हॉटेलच्या दारात उभं राहून खोली मागणाऱ्याला जो दर पडतो, तो मुंबईत बसून कल्पनेत येत नाही.

विमानाच्या तिकिटातही हाच डाव खेळता येतो. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे न भरताही एजंट सीट होल्डवर ठेवून पीएनआर काढू शकतो, आणि एअरलाइनच्या साइटवर तो दिसतोही. तिकीट निघालं की तेरा आकडी नंबर तयार होतो. त्याचे पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात : एअर इंडियाचे ०९८, ब्रिटिश एअरवेजचे १२५, केएलएमचे ०७४. हा नंबर मागा आणि एअरलाइनच्या साइटवर स्वतः तपासा. तेही त्याच संध्याकाळी नाही, दोन दिवसांनी. काढलेलं तिकीट त्याच दिवशी व्हॉइड (रद्दबातल) करण्याची सोय एजंटला असते, आणि सकाळी तिकीट दाखवून रात्री ते मारून टाकणारे आहेत. परतावा मिळणारं तिकीट असेल तर निघायच्या आठवड्यात आणखी एकदा बघा, कारण परतावा एजंटच्याच खात्यात जातो.

मार्गही नीट पाहून घ्या. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. जमैका आणि ग्रेनाडाचंही तसंच. ‘व्हिसा नको’ ही जाहिरात तेवढ्यापुरती खरी आहे. पण मधे अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर नुसत्या बदलासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिथे इमिग्रेशन न करता पुढच्या विमानात बसायची सोय नाही. लंडनमार्गे जाताना हिथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असं तिकीट स्वस्त दिसतं आणि एजंट तेच पुढे करतो. त्यात विमानतळाबाहेर पडून शहर ओलांडावं लागतं, म्हणजे ब्रिटनच्या सीमेतून आत जायचं. त्याचा व्हिसा किंवा सूट नसेल तर मुंबईतच बोर्डिंग नाकारतात, आणि एजंट ‘कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची’ हे कलम दाखवून मोकळा होतो. सामान कुठपर्यंत चेक-इन होणार हेही लेखी घ्या.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींना एक वेगळी खोटी खात्री दिली जाते : पासपोर्टवरचा व्हिसा संपला असला तरी तीस दिवसांच्या आत बेटांवरून परत येता येतं. ती सवलत एच-१बी आणि एच-४ (त्यांचे जोडीदार आणि मुलं) वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. शेजारच्या बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना मिळते. असल्या बोलण्यावर जमैकाला गेलेलं जोडपं तिथेच अडकतं. पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटं ही अमेरिकेचाच भाग आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता पैशांबद्दल. विमान, हॉटेल, फिरणं यांपैकी दोन किंवा जास्त गोष्टी एकत्र विकल्या की ते परदेशी सहलीचं पॅकेज होतं आणि त्यावर एजंटला टीसीएस (विकतानाच गोळा करायचा आयकर) घ्यावाच लागतो. ‘दोन वेगळी बिलं करू, टीसीएस वाचेल’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा. टीसीएस बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर पोर्टलवरच्या तुमच्या करनोंदीच्या पत्रकात (फॉर्म २६एएस) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. उलट वेगळ्या बिलांमुळे उद्या तक्रार करताना पॅकेज घेतल्याचा पुरावाच उरत नाही. एजंटने टीसीएस घेतला आणि पुढच्या काही महिन्यांत २६एएसमध्ये तो दिसलाच नाही, तर पैसे सरकारकडे गेले नसण्याची शक्यता आहे. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ने सुरू होतो, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. बिलावरचं नाव, पोर्टलवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव तिन्ही जुळायला हवीत. ठाण्याच्या प्रकरणात बिल एका नावाचं होतं आणि यूपीआय तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर केलेलं होतं. कार्डाने भरलेले पैसे बँकेकडे वाद घालून परत मागता येतात. यूपीआयने स्वतःहून पाठवलेल्या पैशांना ती वाट जवळजवळ नाही. कार्डाला दोन-अडीच टक्के जास्त मागतात म्हणून आपण यूपीआय करतो, आणि नेमकं तेच त्यांना हवं असतं.

खोली मिळाली तरी सांगितलेल्यापेक्षा वेगळीच पदरी पडण्याचे मार्ग बरेच आहेत. व्हाउचरवर ‘रन ऑफ हाउस’ असं लिहिलं असेल तर हॉटेल कुठलीही खोली देऊ शकतं, तुम्हाला दाखवलेल्या फोटोतलीच असेल असं नाही. ‘पार्शल ओशन व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यातून वाकून दिसेल तेवढा समुद्र. आणि बार्बाडोसबद्दल तर पहिला प्रश्न किनारा कोणता हाच हवा. पश्चिमेचा कॅरिबियन समुद्र शांत असतो, पोहता येतं. पूर्वेला बाथशेबाच्या बाजूला उघडा अटलांटिक आहे. तिथल्या लाटा सर्फिंगवाल्यांना आवडतात, पण ओढ इतकी असते की पाण्यात शिरणं धोक्याचं. दोन्हीकडच्या हॉटेलांना ‘बीचफ्रंट’च म्हणतात. शिवाय २०११पासून अटलांटिकमधून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं आणि वसंत ते उन्हाळ्यात पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर थरच्या थर साचतात. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. जाहिरातीतले फोटो त्याच्या आधीचे किंवा हिवाळ्यातले. जाण्याआधी त्या किनाऱ्याचे गेल्या दोन आठवड्यांतले पर्यटकांचे फोटो पाहा. ‘खासगी बीच’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत.

जून ते नोव्हेंबर स्वस्त पॅकेज का निघतात, तर तो चक्रीवादळांचा हंगाम आहे. १ जुलै २०२४ला बेरिल वादळाने ग्रेनाडाचं कॅरिअकू बेट उद्ध्वस्त केलं, तेही हंगाम सुरू होऊन एक महिनाच झाला असताना. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर सगळ्यात जास्त. त्या काळातच जायचं असेल तर दक्षिणेकडचं अरुबा किंवा कुरासाव बघा, वादळांचा नेहमीचा रस्ता त्यांच्या उत्तरेकडून जातो. विमा बुकिंगबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळाचे पैसे देत नाही.

डॉलर म्हटलं की कुठला, हे आधी विचारा. एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, आणि सेंट लुशिया, ग्रेनाडा, अँटिग्वाकडचे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर २.७०. टॅक्सीवाल्याने स्थानिक साठ सांगितले आणि तुम्ही अमेरिकी साठ दिलेत तर दुप्पट ते २.७ पट गेले. बार्बाडोसच्या टॅक्सीला मीटर नसतो, दर ठरलेले असतात. अधिकृत गाडीची नंबरप्लेट झेड अक्षराने सुरू होते. जमैकात ती लाल असते.

एवढं सगळं करून फसलातच, तर हॉटेलच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने हलू नका. बुकिंग कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून रद्द झालं आणि त्यावर कधीही पैसे भरले गेले नव्हते, एवढं हॉटेलकडून ईमेलवर लिहून घ्या. एजंटचा हेतू आधीपासून फसवण्याचा होता हे सिद्ध करायला याहून भक्कम कागद नाही. ‘हॉटेलनेच घोटाळा केला’ हा त्याचा पहिला बचाव असतो आणि तो इथेच पडतो. परदेशातूनच बँकेला कळवा, cybercrime पोर्टलवर तक्रार टाका, भारतातल्या घरच्या माणसाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत ते गोठवले गेले तरच काही हाती लागतं. परतल्यावर पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली (फसवणूक) तक्रार द्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवायला लागले की हॉटेलचा तो ईमेल पुढे ठेवा. त्याच्या जोडीने जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. पन्नास लाखांपर्यंतची सेवा तिथे चालते, अर्ज ऑनलाइन भरता येतो, वकील नसला तरी चालतं. दाव्यात दुसऱ्यांदा भरलेलं हॉटेलचं बिलही मागा. बरीच जोडपी फक्त एजंटला दिलेली रक्कम मागतात आणि हा खर्च सोडून देतात.