दुबईतली 'एकावर एक' डायनिंग मेंबरशिप: नऊ महिने वापरल्यानंतर, पाण्याच्या हिशेबासकट

गेल्या रविवारचं बिल हातात आलं आणि ठरवलं, आता लिहायचंच. अ‍ॅपवरच्या कुपनाने दोन पदार्थांतला एक फुकट देणारी ही मेंबरशिप ऑक्टोबरअखेर घेतली, तिला नऊ महिने झालेत. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, फेब्रुवारीत लिहिलं असतं तर एकही नाही.

आधी ते बिल. अल नहदाहून मरिनाला गेलो होतो, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि मी. दोन मुख्य पदार्थ, ७८ आणि ६४ दिरहमचे. कुपनमुळे कमी किमतीचा वजा, म्हणजे ६४ वाचले. संध्याकाळी सातला बाहेर ३९ अंश होतं आणि पार्किंगपासून दारापर्यंतच्या पाच मिनिटांत मुलाचा शर्ट पाठीला चिकटला होता. बसल्या बसल्या वेटरने विचारलं, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" आम्ही स्टिल म्हटलं. दीड लिटरची बाटली आली, दहा मिनिटांत संपली, दुसरी आली. एक बाटली २६ दिरहम, दोन मिळून ५२. जाता-येता सालिकची, म्हणजे रस्त्याच्या टोलची, चार गेट, रविवार असल्यामुळे चार-चार दिरहमच, म्हणजे १६. चौसष्ट वाचवायला गेलो आणि अडुसष्ट घालवून आलो. तीच बाटली आमच्या बिल्डिंगखालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, अडीच दिरहमला मिळते.

मेंबरशिप कशी चालते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एका ठिकाणची तीन कुपनं, वेटरने पिन टाकायचा, सार्वजनिक सुट्टीला चालत नाही, रमझानमधल्या इफ्तार बुफेला तर नाहीच. मला सवलतीच्या दिवसांत ३४५ दिरहमला मिळाली. अ‍ॅप चांगलं आहे, नकाशा बरोबर दाखवतं, मराठी माणसाला लागणारा शाकाहारीचा फिल्टरही ठीक आहे. माझं भांडण अ‍ॅपमध्ये जे लिहिलेलं नसतं त्याच्याशी आहे. पाणी कसं मिळणार, केवढ्याला मिळणार, हे एकाही रेस्टॉरंटच्या पानावर नसतं. पार्किंग आहे का, हुक्का आहे का, कुत्रा चालतो का, एवढं सगळं लिहितात. पण पंचेचाळीस अंशांच्या शहरात जेवायला येणाऱ्याला सर्वांत आधी काय लागतं, त्याबद्दल एक ओळ नाही.

हे मला का सलतं ते सांगते. डिसेंबरात सासूबाई आल्या होत्या. त्या माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्या बाई. त्यांच्या घरी कुणीही उंबरठ्याच्या आत आलं की आधी तांब्याभर पाणी पुढे येतं आणि मग 'काय काम काढलं' विचारतात. त्यांना आम्ही कौतुकाने एका मोठ्या ठिकाणी घेऊन गेलो, कुपन होतंच. त्या बसल्या आणि पाण्याची वाट बघत राहिल्या. वेटरने नेहमीचा प्रश्न विचारला, मी त्यांना मराठीत सांगितला. त्या म्हणाल्या, "साधं सांग की, आपलं पाणी." मी वेटरला नळाचं, फिल्टरचं, कुठलंही चालेल म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, आमच्याकडे बाटलीच असते. बाटली आली, २४ दिरहमची. मुलाने मोठ्याने रुपयांत हिशेब केला, साडेपाचशेच्या वर. त्यानंतर आईंनी त्या पाण्याला हात लावला नाही. तिखट जेवण तसंच जेवल्या आणि घरी येऊन दोन पेले प्यायल्या. त्या दिवशी कुपनाने आमचे ७० दिरहम वाचले होते, पण मला त्या सबंध जेवणातलं आता एवढंच आठवतं.

तेव्हापासून मी एक्सेलमध्ये पाण्यासाठी वेगळा रकाना केला. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे ते जड गेलं नाही.

फेब्रुवारीतला अनुभव सर्व्हिसचा. जेएलटी या भागातलं एक रेस्टॉरंट, शुक्रवारची रात्र. पिन टाकला, अ‍ॅपवर हिरवी खूण आली, कुपन वापरलं गेलं. जेवण झाल्यावर कॅशियर म्हणाला, आमचा करार गेल्या महिन्यात संपला, पिन वेटरने सवयीने टाकला. पूर्ण बिल भरलं. कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं. त्यांनी बिलाचा फोटो मागितला, दिला. स्क्रीनशॉट मागितला, दिला. मग ४८ तासांत कळवतो म्हणाले. अठरा दिवस लागले आणि माझ्या सात ईमेल. शेवटी कुपन परत दिलं, पण त्याच रेस्टॉरंटचं, जिथे ते आता चालतच नाही! पुन्हा लिहिलं तेव्हा कुठे पन्नास दिरहमचं क्रेडिट जमा झालं. ईमेल लिहिणाऱ्या मुलीशी मी नीट बोलले, तिची चूक नव्हती. तिला एवढंच सुचवलं की प्रत्येक रेस्टॉरंटच्या पानावर पाण्याची एक ओळ टाका. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं उत्तर आलं. अजून ती ओळ दिसलेली नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं की या शहरालाच पाणी फुकट द्यायची सवय नाही, आणि त्याला कारणही आहे. जेबेल अलीला माझं ऑफिस आहे, रोज जाताना डेवाच्या, म्हणजे इथल्या वीज-पाणी खात्याच्या, प्लांटची धुराडी दिसतात. नळाला येणारं पाणी समुद्राचं, तिथे गोडं केलेलं. ते चांगलंच असतं, पण नंतर बिल्डिंगच्या टाकीत पडतं आणि टाकी उन्हात. मेअखेरपासून थंडचा नळ सोडला की कढत पाणी येतं. आम्ही सगळेच मग गीझर बंद करून ठेवतो आणि आंघोळीला 'गरम'चा नळ सोडतो, कारण गीझरमधलं पाणी तरी घरातल्या एसीने निवलेलं असतं. प्यायला पाच गॅलनचा बाटला मागवायचा. ज्या शहरात घरातही पाणी विकत घेतात तिथे हॉटेलवाल्याने फुकट का द्यावं, असं मी स्वतःला समजावत होते.

मार्चमध्ये रमझानने हे मत बदललं. अल खवानीजकडे एका सहकाऱ्याच्या घरी इफ्तारला गेलो होतो. जाताना रस्त्याच्या कडेच्या व्हिलांच्या भिंतींकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. कितीतरी घरांनी कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला स्टीलचा कूलर बसवलाय, दोन-तीन नळ, वर छोटं छप्पर. माळीकाम करणारे, बाइकवरून जेवण पोचवणारे, कुणीही थांबतं, बाटली भरून घेतं. त्याला सबील म्हणतात, आपली पाणपोईच. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने बसवतात, जसं आपल्याकडे कै. अमुक यांच्या स्मरणार्थ पाणपोई असते. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला त्या घरी सर्वांच्या पुढे आधी खजूर आणि पाणी आलं, मग बाकीचं. त्याआधी जाताना सिग्नलला काही स्वयंसेवक उशीर झालेल्या गाड्यांच्या खिडकीतून खजूर आणि पाण्याची पाकिटं देत होते. २०२२पासून 'दुबई कॅन' या नावाने सरकारनेही बागांमध्ये, किनाऱ्यावर फुकट पाणी भरायची यंत्रं लावली आहेत, तीही नंतर दिसायला लागली.

म्हणजे तहानलेल्याला पाणी द्यायची रीत इथे आहे आणि चांगली जुनी आहे. रेस्टॉरंटच्या दारातून आत गेल्यावर ती थांबते. हे कळल्यावर मला रेस्टॉरंटांचा कमी नाही, जास्त राग आला, पण शहराबद्दलचा राग गेला. आईंना फोनवर सबीलबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी तिथंच नेऊन पाणी पाज मला."

जूनमध्ये आणखी एक बदल झाला, आणि हा अनुभव मेंबरशिपच्या बाजूचा आहे. उन्हाळ्यात निम्मी दुबई गावी जाते, रेस्टॉरंटं रिकामी असतात. बाहेरची टेबलं मे महिन्यातच आत घेतलेली. अशा एका दुपारी अल बर्शामधल्या एका लहानशा ठिकाणी कुपन घेऊन गेलो. बसलो आणि काही न विचारता नेपाळी वेटरने काचेचा जग आणून ठेवला, बर्फ घातलेला, पुदिन्याची दोन पानं. मी घाईने विचारलं, हे कितीला. तो म्हणाला, फिल्टरचं आहे मॅडम, पैसे नाहीत. जग तीनदा भरला. त्या दिवशी ५५ दिरहमचं कुपन म्हणजे खरोखर ५५ दिरहम वाचले. निघताना मी त्याला वेगळे वीस दिरहम दिले.

त्यानेच सांगितलं की आता बऱ्याच ठिकाणी किचनमध्ये फिल्टर प्लांट बसवलेला असतो. काही जण ते पाणी फुकट देतात, काही जण माणशी ठरावीक पैसे घेऊन लागेल तितकं देतात, पण मेन्यूवर लिहीत नाहीत, कारण बाटलीवर नफा आहे. तेव्हापासून मी आधी फोन करते आणि सरळ विचारते, 'हाऊस फिल्टर्ड वॉटर' आहे का. दहापैकी तीन-चार जण हो म्हणतात. तिथे गेल्यावर बाटलीचं झाकण उघडायच्या आत पुन्हा सांगायचं. एकदा झाकण उघडलं की ती तुमची.

आता हिशेब. नऊ महिन्यांत कुपन २३ वेळा वापरलं. वाचले १,२९०. पाण्यावर गेले ४३७. मेंबरशिप ३४५. हातात उरले ५०८ दिरहम, साधारण बारा हजार रुपये. सालिक आणि पार्किंग यात धरलेलं नाही, क्रेडिटचे पन्नासही नाहीत. जूननंतरच्या पाच वेळा वेगळ्या काढल्या तर त्यांत पाण्यावर फक्त ६२ गेले, आणि त्यातले ५२ गेल्या रविवारचे, कारण त्या दिवशी मी फोन करायला विसरले.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, कुपन नसतं तर आपण या तेवीसपैकी पंधरा ठिकाणी गेलोच नसतो, मग वाचले कसले. हे खरं आहे. मेंबरशिपच्या आधी आमचं बाहेरचं जेवण म्हणजे करामा भागात, नाहीतर सटवा भागात १९७८पासून चालणारं 'रावी' हे हॉटेल, जिथे डाळ, गरम रोट्या आणि काकडी-कांद्याच्या ताटलीवर तिघांचं पोट भरतं. करामातल्या मल्याळी खानावळीत तर बसताक्षणी स्टीलच्या पेल्यात कोमट गुलाबी पाणी येतं. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळलेलं असतं ते. पहिल्यांदा मला सरबत वाटलं होतं. शेजारच्या टेबलावर साइटवरून आलेली माणसं असतात, पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानेच बंद असतं, त्या वेळेत ती जेवायला येतात आणि आधी दोन-दोन पेले पाणी पितात. पोरगं जग घेऊन फिरतच असतं. दहा-बारा दिरहमच्या जेवणावर ज्याला पाणी देणं परवडतं, त्याला बघितल्यावर ७८ दिरहमच्या पदार्थामागचं 'बाटलीच असते' मला पटत नाही. जमिनीचं भाडं, नगरपालिकेचे सात टक्के, सर्व्हिस चार्ज, पाच टक्के व्हॅट, सगळं समजतं. तरीही पटत नाही.

घ्यावी का? लहान मूल असेल आणि तुम्ही उन्हाळाभर इथेच असाल तर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुलाला बागेत नेता येत नाही, समुद्रावर नेता येत नाही, अशा वेळी शनिवारी दुपारी एसीत दोन तास नीट बसायला जागा मिळते, त्याची किंमत मी हिशेबात धरलेली नाही. एकटे असाल, करामा किंवा बर दुबईत राहत असाल, तर घेऊ नका. मीना बाजारात पायी फिरून यापेक्षा चांगलं आणि स्वस्त जेवाल. हॉटेलांतल्या रेस्टॉरंटसाठी घेत असाल तर पाण्याची किंमत विचारल्याशिवाय टेबल बुक करू नका.

मी मेंबरशिप पुन्हा घेणार की नाही ते ऑक्टोबरात ठरवीन. काल त्यांना आठवी ईमेल पाठवली, यावेळी तक्रारीची नाही. फोन करून मी स्वतः खात्री केलेली, पाणी जगमध्ये देणारी अकरा रेस्टॉरंटं, भाग आणि तारखेसकट. डिसेंबरात आई पुन्हा येणार आहेत. अल बर्शाच्या त्या ठिकाणचं शेवटचं कुपन त्यांच्यासाठी राखून ठेवायचं होतं, पण मेंबरशिप ऑक्टोबरातच संपते. तिथे कुपनाशिवाय जाऊ.