अणुचाचणी झाली म्हणतात, पण ऐकायचं कुणाचं? व्हिएन्ना, अमेरिकेचे सॅटेलाइट की भूकंपाचा खुला डेटा

ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणच्या सेमनान प्रांतात साडेचार तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला आणि लगेच सगळीकडे सुरू, इराणने अणुचाचणी केली म्हणून. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या भूकंपांवरून परत तीच हूल उठली. तुम्ही पत्रकार असाल, शिक्षक असाल किंवा घरच्या ग्रुपवर उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येत असेल तर भरवसा कुणावर ठेवायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

पर्याय मुख्यतः तीन. अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारासाठी व्हिएन्नात उभारलेल्या सीटीबीटीओ या संस्थेचं जागतिक नेटवर्क, अमेरिकेच्या हवाई दलाची एएफटॅक नावाची अणुस्फोट टिपणारी स्वतःची यंत्रणा आणि तिचे सॅटेलाइट, आणि तिसरा म्हणजे यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेसारख्यांचा खुला भूकंप-डेटा जो तुम्ही आम्ही फुकट बघू शकतो. माझं मत आधीच सांगते, पहिल्या तासात खुला डेटा बघा, अणुस्फोटच होता का याच्या पुराव्यासाठी व्हिएन्नाची वाट बघा आणि सॅटेलाइटवर विसंबू नका, कारण ते कितीही भारी असले तरी त्यांचा डेटा तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

खुल्या डेटाचं बलस्थान म्हणजे वेग, आणि कुणीही तपासून बघू शकतं हे. स्फोट खडकाला चहूबाजूंनी एकदम बाहेर ढकलतो म्हणून सगळ्यात आधी पोचणारी दाबाची लाट, म्हणजे पी-वेव्ह, जोरदार येते आणि मागून येणारी, जमीन आडवी हलवणारी एस-वेव्ह व पृष्ठभागावरच्या लाटा त्या मानाने अगदीच मरतुकड्या, उलट भूकंपात खडक एकमेकांवर घासून सरकतात त्यामुळे तिथे एस-वेव्ह दणकट असते. सेमनानच्या बाबतीतही पुढे अभ्यास झाला तेव्हा तो नैसर्गिक भूकंपच निघाला. फक्त एक खाच लक्षात ठेवा, खोलीच्या रकान्यात नेमकं १० किमी दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, खोली नीट काढता येत नसेल तेव्हा यूएसजीएस बऱ्याचदा १० हाच आकडा गृहीत धरते, त्यामुळे "१० किमी आहे म्हणजे भूकंपच" असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि तज्ज्ञसुद्धा चुकतात बरं का, ऑगस्ट १९९७ मध्ये रशियाच्या नोवाया झेम्ल्याजवळ धक्का बसला तेव्हा अमेरिकेत काहींना चाचणीचा संशय आला होता, नंतर कळलं की तो समुद्राखालचा भूकंप होता.

व्हिएन्नाचं नेटवर्क वेगळ्या पातळीवरचं आहे. कराराप्रमाणे ३३७ ठिकाणं ठरलेली, त्यातली तीनशेहून जास्त उभी आहेत. १७० भूकंपमापन केंद्रं, समुद्रातला आवाज ऐकणारी ११, माणसाला ऐकू न येणारा हवेतला आवाज पकडणारी ६०, किरणोत्सर्गी कण मोजणारी ८० आणि वर १६ प्रयोगशाळा. भूकंपमापक सांगतो स्फोट झाला, पण तो अणूचाच होता हे सांगायला अणुस्फोटातून निघणारा किरणोत्सर्गी झेनॉन वायू हवेत सापडावा लागतो आणि इथे व्हिएन्नाला तोड नाही. उत्तर कोरियाचंच घ्या. २००६ ची पहिली चाचणी एक किलोटनाच्याही (म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाच्याही) आतली, तरी साधारण दोन आठवड्यांनी तिचा झेनॉन थेट कॅनडातल्या यलोनाइफला सापडला. २००९ ची चाचणी त्याहून मोठी, पण झेनॉन कुठेच मिळाला नाही. २०१३ ला ५५ दिवसांनी जपानच्या ताकासाकी केंद्रात मिळाला, तोपर्यंत जग ती बातमी विसरलंही होतं. झेनॉन-१३३ दर सव्वापाच दिवसांनी निम्मा होतो, बोगदा नीट बुजवला असेल तर बाहेर येतच नाही, शिवाय वैद्यकीय आयसोटोप बनवणारे कारखानेही हाच वायू सोडतात, त्यामुळे झेनॉन नाही मिळाला म्हणजे चाचणी झाली नाही असं मुळीच नाही.

मर्यादा बघायला फार लांब जायला नको, पोखरण आहेच. ११ मे १९९८ चा धक्का जगभर नोंदला गेला, पण १३ मेच्या ज्या दोन चाचण्या भारताने ०.५ आणि ०.३ किलोटनच्या सांगितल्या त्या बाहेरच्या केंद्रांना दिसल्याच नाहीत. आणि ११ तारखेचा स्फोट किती किलोटनचा यावरून ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आणि परदेशी भूकंपतज्ज्ञ यांच्यात वाद झाला, २००९ मध्ये डीआरडीओचे के. संथानम यांनीही शंका घेतली, अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर आणि आर. चिदंबरम यांनी ती ठामपणे खोडून काढली. खडक कुठला, खोली किती यावर धक्का बदलतो, तेव्हा लांबून काढलेला किलोटनचा आकडा कुणाचाही असो, अंदाजच समजा.

सॅटेलाइटचं काम हवेतल्या आणि अवकाशातल्या स्फोटासाठी. वातावरणातल्या अणुस्फोटाचा उजेड दोनदा चमकतो, मध्ये क्षणभर धक्कालहरच त्याला झाकते, आणि हीच खूण ते शोधतात. २२ सप्टेंबर १९७९ ला अमेरिकेच्या व्हेला सॅटेलाइटने दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर अशी दुहेरी चमक टिपली, व्हाइट हाउसने नेमलेल्या समितीने ती बहुधा अणुस्फोटाची नाही असं म्हटलं, बऱ्याच शास्त्रज्ञांना ते आजही पटत नाही. एकाच देशाच्या हातात डेटा असला की हे असं होतं, निर्णयात राजकारण शिरलं की नाही हे बाहेरच्याला तपासताच येत नाही.

व्हिएन्नाचाही डेटा सरसकट खुला नाही हे खरं, सह्या केलेल्या देशांना एक-दोन तासांत पहिली यादी जाते आणि विश्लेषकांनी तपासलेलं बुलेटिन काही दिवसांनी, संशोधकांना करार करून वेगळी वाट मिळते. भारताने सही केलेली नाही. करारातल्या भेदभावाबद्दलचा आपला आक्षेप मला समजतो, तरी एवढा मोठा देश या यादीबाहेर बसलाय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण शेजारी काही घडलं तर हा डेटा आपल्यालाच सगळ्यात जास्त लागणार. करार अजून लागूही झालेला नाही, म्हणून संशयित जागी माणसं पाठवून तपासणी करायचा अधिकार व्हिएन्नाला आज नाही.

तेव्हा बातमी द्यायची असेल तर यूएसजीएससोबत निदान अजून एका देशाची नोंद जुळवून बघा, नॉर्वेची नॉरसार ही भूकंप-नोंदी ठेवणारी संस्था यात मुरलेली आहे. लेख किंवा प्रोजेक्ट लिहिताय आणि हाताशी वेळ आहे, तर व्हिएन्नाचं निवेदन आणि झेनॉनचा निकाल येईपर्यंत "अणुचाचणी" हा शब्द प्रश्नचिन्हासकटच वापरा.