बीएलडीसी पंखा : दीड वर्ष वापरून आणि मीटरची लाल लाईट मोजून

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एकतर मधे पंखा बिघडला तेव्हा जाम वैताग आला होता आणि त्या रागात कुणाचं नाव नको, दुसरं म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या या बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या, रिमोटवाल्या) पंख्यांचं आतलं तत्त्व एकच आहे, त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आम्ही सोलापूरचे. म्हणजे मार्चपासूनच पंखा चालू होतो तो दिवाळीपर्यंत बंद होत नाही. हॉलमधला तर सकाळी आई (सासूबाई) उठल्या की सुरू, आणि रात्री त्या तिथेच झोपतात तेव्हा परत सुरू, मधे पोळ्या करताना पीठ उडतं म्हणून काय तो तासभर बंद. सरासरी १६ तास धरा. जुना पंखा लग्नातला, २२ वर्षांचा, तक्रार काही नव्हती, जरा हळू फिरायचा एवढंच. (त्यावर वायरमनने ६० रुपयांचा कपॅसिटर बदलून दिला आणि तो परत पहिल्यासारखा पळायला लागला. तुमचा पंखा हळू फिरतोय म्हणून नवीन घेताय तर आधी हे करून बघा आणि पात्यांवरची धूळ पुसा, निम्म्या वेळा तेवढ्यातच भागतं.)

मग घेतला कशाला? तर लाईट बिल. गेल्या वर्षी मार्चमध्ये दुकानात कूलरचा पंप आणायला गेले होते, दुकानदार म्हणाला हा पंखा ७५ च्या जागी ३० वॅट खातो. मला असं काही सांगितलं की पहिला संशयच येतो, कारण आमच्या घरात एक शहाणपण आधीच झालेलं होतं. आमच्या ह्यांनी आठवडी बाजारातून ३५० रुपयांचं ते 'पॉवर सेव्हर' आणलं होतं, सॉकेटमध्ये लावायचं, हिरवी लाईट लागते, बिल ४० टक्के कमी. बिल एक रुपयाने कमी झालं नाही. शेवटी उघडून बघितलं तर आत एक कपॅसिटर आणि ती हिरवी लाईट, बास. घरगुती मीटर तुम्ही खरोखर वापरलेली युनिटं मोजतो, त्यात त्या डबीने काही फरक पडायचं कारणच नाही. अजूनही बाजारात विकतात आणि लोक घेतात.

म्हणून यावेळी ठरवलं, घ्यायचा पण मोजायचा. आणि मोजायला काही लागत नाही, मीटरवरच सोय आहे. आमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय, म्हणजे ती लाल लाईट ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्या. रविवारी दुपारी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, राउटर, टीव्ही, मोबाइलचे चार्जरसुद्धा, फक्त हॉलचा जुना पंखा पाचवर. आणि जिन्यात मीटरसमोर स्टूल टाकून बसले, धाकटा मोबाइलवर वेळ लावून शेजारी. दहा मिनिटांत ३९ वेळा. हिशोब केला तर ७३ वॅट. शेजारच्या काकू वर जाताना विचारत होत्या, काय गं, मीटरवाला काही बोलला का?

नवीन पंखा लावल्यावर परत तेच. पाचवर दहा मिनिटांत १६ वेळा, म्हणजे ३० वॅट. तीनवर फक्त ६ वेळा! ११ वॅट, झिरोच्या बल्बएवढं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, मला खरंच आश्चर्य वाटलं.

हे कसं होतं तर साध्या पंख्यात फिरणाऱ्या भागात चुंबकत्व तयार करायलाच वीज जाते आणि बरीचशी गरम होण्यात वाया जाते, जुना पंखा रात्रभर चालल्यावर मधल्या गोळ्याला हात लावून बघा, चटका बसेल. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबकच बसवलेले असतात आणि एक छोटा सर्किट बोर्ड किती वीज कधी द्यायची ते बघतो. हा गारच राहतो. फक्त तो बोर्ड लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे बोलायचंय.

आता पैशाचं. १६ तासांप्रमाणे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. आणि ही २० युनिट कुठल्या दराची ते बघायचं, इथे बरेच जण चुकतात. महावितरणचं बिल टप्प्यांनी असतं, पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुप्पट. वाचतात ती नेहमी वरची युनिटं. आम्ही उन्हाळ्यात २०० च्या आसपास असतो म्हणजे आमची वाचलेली सगळी युनिटं महागातली, वहन आकार आणि वीज शुल्क वगैरे धरून १२-१३ रुपयांची एकेक. म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. पण माझ्या बहिणीकडे दोघंच जण, दोघं नोकरीवर, त्यांचं बिल ९० युनिटच्या पुढे जात नाही, तिला याच पंख्याचे निम्मेच पैसे वाचतील, ते पण १६ तास लावला तर, आणि ती कुठे १६ तास घरात असते. तिला मी नको म्हणूनच सांगितलं.

अजून एक, लोकांना वाटतं १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं नाहीये, वर गेलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. त्यामुळे ९९ वर थांबवायला महिनाअखेरीला घरात अंधार करून बसायची गरज नाही (आमचे सासरे करायचे).

प्रत्यक्ष बिलात? आदल्या वर्षीच्या मेमध्ये २२१ युनिट होती, पंखा लावल्यावरच्या मेमध्ये २०१. माझ्या हिशोबाने २४ कमी व्हायला हवी होती, कारण मीटरसमोर बसल्या बसल्या अजून एक चोर सापडला होता, सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो दहा मिनिटांत ५ वेळा लाईट लुकलुकवत होता, साडेनऊ वॅट, काहीही न करता. आता टीव्ही बघून झाला की भिंतीवरचं बटण बंद, त्याची महिन्याला चारेक युनिट, फुकटात. मग २४ ची २० कशी झाली तर नणंद लेकरं घेऊन आठ दिवस होती आणि मी तिच्यासमोर कूलर बंद करू शकत नव्हते.

पंखा २,९५० ला, वायरमनने २०० घेतले. वर्षातले नऊ महिने धरले तर दीड वर्षाच्या आत पैसे निघायला पाहिजे होते. पण.

बोर्ड. चौदाव्या महिन्यात वळवाचा पाऊस आला, धाडधाड विजा, लाईट गेली आली गेली आली, आणि त्यानंतर पंखा ढिम्म. रिमोटचे सेल बदलून झाले, मेन स्विच बंद चालू करून झाला. वायरमन लावतानाच म्हणाला होता, "वैनी, साधा पंखा मी वीस वर्षं चालवून देतो, ह्याचा बोर्ड गेला की मला हात लावता यायचा नाही बघा." खरंच नाही आला. वॉरंटी दोन वर्षांची होती म्हणून पैसे नाही पडले पण कंपनीचा माणूस यायला नऊ दिवस लागले, रोज फोन केला की तक्रार नोंदवली आहे, उद्या येतील. सोलापुरात मे महिन्यात नऊ दिवस! आईंना टेबल फॅनसमोर बसवलं तर त्यांचे गुडघे धरले. तो माणूस आला, दहा मिनिटांत बोर्ड बदलला आणि म्हणाला वॉरंटी नसती तर सात-आठशे रुपये. म्हणजे तीन महिन्यांची बचत गेली असती. तेव्हा वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का तारखेसकट मारून घ्या, आणि तुमच्या गावात त्या कंपनीची सर्विस आहे का ते पंखा घ्यायच्या आधी विचारा. विजा चमकायला लागल्या की मी आता पंख्याचं बटण बंद करते.

रिमोटचं काय सांगू. आईंना तो हातात दिसत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना तो सापडत नाही. पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून डायरेक्ट जोडावा लागतो, त्यामुळे रिमोट हरवला की पंचाईत. आमच्या मॉडेलला भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की स्पीड बदलते, आई आता तेच करतात, खटक खटक, चार वेळा जास्त झालं की परत पहिल्यापासून. घेताना हे विचाराच.

चांगलं अजून सांगायचं तर इन्व्हर्टरवर हा घुं घुं करत नाही आणि बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जुना पंखा रडत फिरायचा, हा तसाच फिरतो. हवा तेवढीच लागते, आधी मला वाटलं होतं कमी वॅट म्हणजे कमी वारा, तसं काही नाही. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, पाच स्टारचा बघा आणि वॅटबरोबर हवेचा आकडा (पंखा मिनिटाला किती हवा फेकतो तो) पण वाचा.

आणि आमच्या ह्यांचं दुसरं शहाणपण. पहिला पंखा बघून इतके खूश झाले की सेलमध्ये २,६०० ला अजून एक मागवला आणि लावला कुठे, तर पाहुण्यांच्या खोलीत. तिथे दिवसाला तासभर चालतो, ते पण मी इस्त्री करते तेव्हा. महिन्याला सव्वा युनिट वाचतं, सोळा रुपये. मी हिशोब करून दाखवला, पैसे निघायला १३ वर्षं. आता तो काढून आमच्या बेडरूममध्ये लावायचाय, तिथे निदान रात्रभर चालेल. वायरमन दोन रविवार झाले येतो म्हणतोय.