कॅलरी मोजाव्यात की जेवणाचे तास बांधावेत?

नव्या वर्षात पुन्हा वजनाकडे लक्ष द्यायचं ठरवलं की बहुतेकांपुढे हे दोन रस्ते येतात. खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद ठेवायची, नाहीतर जे काय खायचं ते आठ तासांत खाऊन उरलेले सोळा तास फक्त पाणी प्यायचं. मी दोन्ही करून पाहिलं, वेगवेगळ्या वर्षी, दोन्ही वेळा जानेवारीतच. रोजचं चालणं दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणून ते बाजूला ठेवतो.

नोंदीने मला जे शिकवलं ते तास बांधून कळलं नसतं. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी आणि प्रथिनं-पिष्टात ४, हे आपण सगळेच वाचतो. पण एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, हे स्वतः मापून लिहिलं आणि तेल ओतणारा माझा हात आखडला, तो आजही आखडलेलाच आहे. ‘मी तर फारसं खात नाही’ ही समजूतही गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलेलं आढळलं होतं. ती माणसं खोटारडी नव्हती, अंदाजच तसा चुकतो.

मग नोंद सोडली का? घरातल्या एका पातेल्यामुळे. चौघांसाठी एकत्र शिजलेल्या जेवणातला माझा वाटा किती, हे काढायचं तर आधी प्रत्येक जिन्नस तोलायचा, शिजल्यावर पातेलं तोलायचं, त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं, मग माझी वाटी तोलायची. एवढं होईपर्यंत बाकीचे जेवून उठलेले असायचे. हेही मी निभावलं असतं. पण महिनाभराने लक्षात आलं की मी घरचं जेवण टाळून पाकिटातलं खायला लागलोय. का, तर पाकिटावर आकडा छापलेला असतो. मोबाईल समोर धरला की नोंद झाली! चांगलं खाण्यासाठी सुरू केलेली वही मला घरच्या ताटापासून दूर नेत होती, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

तास बांधण्यात हा प्रश्नच आला नाही. मी सकाळी ११ ते संध्याकाळी ७ ठेवले. पहिले आठ-दहा दिवस सकाळी डोकं जड व्हायचं, चिडचिड व्हायची. पुढे भूक स्वतःहून अकराच्या सुमाराला जागी व्हायला लागली. रात्रीचं टीव्हीसमोरचं चरणं बंद झालं, माझ्या बाबतीत बहुधा खरा फरक त्यानेच पडला. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, त्यावर मात्र फार विसंबू नये. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा त्या साठ्याच्याच वजनाच्या साधारण तिप्पट पाणी धरून असतो. तो घटला की पाणीही जातं.

वजन कशाने जास्त उतरतं, असं विचाराल तर तास बांधण्यात काही जादू नाही. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, एका गटाने शिवाय आठ तासांची मर्यादा पाळली. वजनातला फरक दखल घेण्याजोगा निघाला नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा खाण्याशी नातं पूर्वी बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास लांबवू नये. खाण्याशी असं नातं असेल तर मोजणंही जपूनच.

शिस्तीने लिहिण्याची सवय असलेल्या, एकट्यापुरतं शिजवणाऱ्या माणसाला कदाचित नोंदच सोयीची पडेल. घर भरलेलं असेल तर मी घड्याळ सुचवेन. स्वयंपाकघरातला काटा मी अजून ठेवलाय. जानेवारीचे पहिले दोन आठवडे तेवढा काढतो, तेलाचा अंदाज पुन्हा ताळ्यावर आणायला.